यंत्राचे शिक्कामोर्तब



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, नाहीतर राष्ट्राच्या भवितव्यावर बोलावे, अशी आपली जुनी रीत आहे. मी आज बोलणार आहे तो एका साध्या कागदावर. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी हा कागद ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात जपून ठेवलेला असतो. पीककर्ज काढायचे तर तो लागतो, हमीभावाने धान विकायला नोंदणी करायची तर तो लागतो, आणि भावाभावांत वाटणी निघाली तर सर्वांत आधी तोच लागतो. तो कागद म्हणजे सातबारा.

पूर्वी हा उतारा घ्यायला पटवाऱ्याकडे जावे लागे. तो वही काढी, हाताने उतरवून देई, खाली सही करी आणि शिक्का मारी. शिक्क्याची शाई किंचित पसरली, म्हणजे कागदाला जीव आला असे आपल्याला वाटे. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास आरंभ झाला. आता सेतू केंद्रातला मुलगा यंत्रातून कागद काढून देतो. हाती घेणारा म्हातारा तो उलटासुलटा करून पाहतो आणि विचारतो, "बाबू, यावर सही कुठं आहे?" मुलगा सांगतो, "बाबाजी, सही आत आहे."

"सही आत आहे" या तीन शब्दांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले फार सुंदर गणित दडलेले आहे. पण त्या मुलाजवळ ते सांगायला वेळ नाही, आणि म्हाताऱ्याजवळ विचारायला धीर नाही. आजचे व्याख्यान त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

शिक्का काय काम करतो?

आधी जुन्या शिक्क्याकडे पाहू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात शिक्का निराळा आणि मोर्तब निराळे, हे सहसा ध्यानात येत नाही. शिवकालीन पत्रांत मुख्य मुद्रा वरच्या बाजूस उमटवीत, आणि मजकूर संपला की अगदी त्याच्याखाली लहान मोर्तब करीत. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. मर्यादा म्हणजे सीमा. येथे लेख संपला, यापुढे जे कोणी लिहील ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. पाहा, किती चतुर योजना आहे! वरची मुद्रा सांगते, हे पत्र कोणाचे. खालचे मोर्तब सांगते, यात मागाहून भर पडलेली नाही. आणि दोन्ही मिळून पाठवणाऱ्याला बांधून घेतात. त्याला पुढे ‘हे मी लिहिलेच नाही’ असे म्हणता येत नाही.

म्हणजे शिक्कामोर्तबाची कामे तीन: कागद कोणाचा हे सांगणे, तो बदललेला नाही हे सांगणे, आणि देणाऱ्याला नाकबूल होऊ न देणे. यंत्रातल्या सहीलाही हीच तीन कामे करावयाची आहेत. अडचण एवढीच, की यंत्रातल्या मजकुराला शाई नाही आणि खाडाखोडीचा डाग नाही. तेथे ६० आरचे ८० आर केले, तर कागद खरवडल्याची खूण राहत नाही. मग ओळखावे कशाने?

मजकुराचा अंगठा

यंत्राला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला जगभर एकच क्रमांक ठरवून दिला आहे. त्याला युनिकोड म्हणतात. त्या कोशात ‘स’चा क्रमांक २३६० आणि कान्याचा २३६६. आपले ‘साकोली’ हे गाव यंत्राच्या लेखी २३६०, २३६६, २३२५, २३७९, २३५४, २३६८ असे सहा आकडे होय. सातबाराही शेवटी अशाच आकड्यांची एक लांबलचक माळ आहे.

या माळेचा यंत्र एक ठसा काढते. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशावरून माणूस पुन्हा घडवता येत नाही. जात्यात दळलेले पीठ पाहून गव्हाचा दाणा जोडता येत नाही. मजकुराचा ठसाही तसाच एकमार्गी असतो. आज सर्वत्र वापरात असलेली अशी एक रीत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेने २००२ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिने काढलेला ठसा २५६ बिटांचा असतो, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत जास्तीत जास्त ७८ अंकी संख्या. मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा, ठसा तेवढाच. आणि मजकुरातला एक अनुस्वार जरी हलला, तरी सारा ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो.

मी आता फळ्यावर एक लहान खेळ मांडतो. समजा, गट क्रमांक २१३, क्षेत्र ६० आर, म्हणजे सुमारे दीड एकर. अंक झाले २, १, ३, ६, ०. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, असे क्रमाने गुणू. दोन एके दोन, एक दुणे दोन, तीन त्रिक नऊ, सहा चोक चोवीस आणि शून्य. बेरीज ३७. तिला ३३ ने भागले, बाकी उरली ४. हा ४ म्हणजे आपल्या उताऱ्याचा ठसा.

आता कोणी ६० आरचे ८० आर केले. सहाच्या जागी आठ आले, आठ चोक बत्तीस, बेरीज झाली ४५, आणि ३३ ने भागून बाकी उरली १२. ठसा बदलला, चोरी उघडी पडली. माझ्या या खेळात बाक्या ३३ च असल्याने दोन निराळ्या उताऱ्यांचा ठसा सहज एक येईल. खऱ्या रीतीत संभाव्य ठसे इतके असंख्य आहेत, की मुद्दाम प्रयत्न करूनही तसे दोन मजकूर आजवर कोणाला जमवता आलेले नाहीत.

दोन किल्ल्यांचे कुलूप

पण एवढ्याने भागत नाही. लबाड माणूस ८० आर लिहील आणि जुना ठसा पुसून नवा ठसा १२ तेथे ठेवील. ठसा काढायची रीत सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून ठशावर अधिकाऱ्याची अशी खूण हवी, की जी फक्त त्यालाच करता यावी, पण तपासता मात्र कोणालाही यावी.

१९७६ पर्यंत हे जगाला ठाऊक नव्हते. कुलूप लावायची किल्ली आणि उघडायची किल्ली एकच, अशीच समजूत होती. त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी जाहीरपणे मांडले, की दोन निराळ्या किल्ल्यांचे कुलूप शक्य आहे: एक गुप्त, एक उघडी. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी असे कुलूप प्रत्यक्ष घडवून दाखवले. ते साध्या गुणाकार-भागाकारावर चालते, म्हणून आपण येथेच ते चालवून पाहू.

दोन मूळसंख्या घेऊ, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. अधिकाऱ्याची गुप्त किल्ली ७, आणि उघडी किल्ली ३. तेहतीस आणि तीन हे आकडे चावडीवर लावायला हरकत नाही. सात मात्र त्याने कोणाला सांगायचा नाही. आपला ठसा होता ४. अधिकारी चाराला चाराने गुणत सात चारांचा गुणाकार करतो. तो येतो १६,३८४. त्याला ३३ ने भागले, बाकी १६. हा १६ म्हणजे त्याची सही. उताऱ्याबरोबर तो देतो.

आता बँकेतल्या कारकुनाला ही सही तपासावयाची आहे. त्याच्याजवळ सात नाही, पण उघडी किल्ली तीन आहे. तो सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा करतो. उत्तर ४,०९६. त्याला ३३ ने भागले, आणि बाकी उरली ४! सहीतून मूळ ठसा बाहेर आला. मग तो हातातल्या उताऱ्याचा ठसा स्वतः काढतो. तो ४ आला तर उतारा जशाचा तसा आहे. १२ आला तर मध्ये कोणी हात मारला आहे. आपण घरी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब जरूर करून पाहावा. एकदा हाताने केला, म्हणजे "सही आत आहे" या वाक्याची भीती उरत नाही.

चतुर श्रोता येथे विचारील, की तीन आणि तेहतीस ठाऊक असताना सात हुडकून काढणे काय कठीण? काहीच नाही. ३३ चे ३ आणि ११ असे अवयव पाडावे, प्रत्येकातून एक वजा करून २ आणि १० यांचा गुणाकार २० घ्यावा, आणि तीनला कशाने गुणले असता विसावर एक उरतो ते पाहावे. तीन सत्ते एकवीस, सात सापडला. सारे संरक्षण आहे ते अवयव पाडण्याच्या कष्टात. ९७ आणि ८९ यांचा गुणाकार कोणीही दोन मिनिटांत ८,६३३ असा करील. पण नुसता ८,६३३ देऊन अवयव मागितले, तर संध्याकाळ जाईल. व्यवहारात २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या घेतात. २०२० साली संशोधकांनी २५० अंकी एका संख्येचे अवयव पाडले. ते काम एका गाभ्याच्या एकाच संगणकावर सोपवले असते, तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. म्हणजे त्याला बुद्धजन्माच्याही आधी कामाला बसवावे लागले असते. ६१७ अंकांची गोष्ट तर फारच दूर.

येथे अभिमानाने सांगावयाची एक गोष्ट आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे निश्चितपणे आणि वाजवी वेळात ठरवण्याची रीत गणितज्ञ पिढ्यान्पिढ्या शोधत होते. ती २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली. संख्या मूळ आहे की नाही हे सांगता येते, पण नसल्यास तिचे अवयव कोणते हे मात्र चटकन सांगता येत नाही, या फटीतच आपले सारे कुलूप बसलेले आहे. हे कुलूप चिरंतन मात्र नव्हे. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुंजभौतिकीवर चालणारा पुरेसा मोठा संगणक झाला तर तो असे अवयव झटपट पाडील. तसा संगणक अजून झालेला नाही. परंतु त्याच्यापुढेही टिकतील अशा नव्या रीतींची प्रमाणे २०२४ साली प्रसिद्ध झाली आहेत. कुलूप बदलण्याची तयारी चोर येण्याआधीच चालू आहे, हे शहाणपणाचेच होय.

किल्ली कोणाची?

आता उरला एकच प्रश्न. ३३ आणि ३ हे आकडे या गावच्या पटवाऱ्याचेच कशावरून? उद्या एखादा ठग आपलेच आकडे चावडीवर लावील! त्यासाठी कायदा लागतो. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली झाला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीचा मान दिला, आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर एक नियंत्रक नेमला. नियंत्रक संस्थेला परवाना देतो, संस्था माणसाची ओळख तपासून ‘ही उघडी किल्ली अमक्याची’ असे प्रमाणपत्र देते, आणि त्या प्रमाणपत्रावरही तशीच डिजिटल सही असते. गुप्त किल्ली एका लहानशा उपकरणात बंद असते. त्याला कचेरीत डोंगल म्हणतात. ते यंत्राला जोडून सांकेतिक अंक दाबले, की सही होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. डोंगल आणि त्याचे अंक दुसऱ्याच्या स्वाधीन केले, तर गणित बिनचूक चालेल आणि सही तरीही खोटी असेल. मोर्तब ज्याच्या कमरेला, जबाबदारी त्याचीच. हा नियम शिवकाली होता, आजही आहे.

दुसरी गोष्ट आपणां सर्वांच्या रोजच्या उपयोगाची आहे. सही ‘आत’ आहे म्हणजे फाईलच्या आत आहे. फाईल छापली, की कागदावर येते ती फक्त शाई. छापील कागदावर बरोबरची खूण दिसते म्हणून आपण निर्धास्त होतो. पण ती खूण काढणे कोणाही हुशार पोराला जमेल. छापील सातबाऱ्याची खरी परीक्षा त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने होते. तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालावा, आणि तेथे दिसणारा उतारा हातातल्या उताऱ्याशी ओळीओळीने ताडून पाहावा. जमिनीचा इसार देण्यापूर्वी एवढे पाच मिनिटांचे काम जो करणार नाही, त्याने फसल्यावर यंत्राला दोष देऊ नये.

सही काय सांगत नाही?

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. आतापर्यंतचे सारे यासाठीच सांगितले.

ही सही सांगते, की उतारा अमक्याने दिला आणि दिल्यापासून बदललेला नाही. तो खरा आहे, असे ती सांगत नाही. वडिलांना जाऊन बारा वर्षे झाली आणि नाव अजून त्यांचेच आहे, तरी गणित जुळेल. बहिणीचे नाव वारसांत चढलेच नाही, तरी गणित जुळेल. धुऱ्यापलीकडची बांधी चुकून आपल्या गटात लिहिली गेली, तरी चाराचे सोळा आणि सोळाचे चार बिनतक्रार होतील. यंत्र चूक जपून ठेवील. इतकी जपून, की कोणालाही ती शंकास्पद वाटू नये. जुन्या मळक्या कागदाकडे लोक संशयाने पाहत. स्वच्छ छापील कागदापुढे संशय मान खाली घालतो, आणि धोका नेमका येथेच आहे.

कायदाही या बाबतीत आपल्याला झोपू देत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरीच मानली जाते. म्हणजे चूक ज्याच्या विरुद्ध, त्यानेच ती सिद्ध करावयाची. कलम १४९ म्हणते, की वारसाने हक्क मिळाला तर तो तीन महिन्यांच्या आत कळवावा. कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत घेता येते. कलम १५५ ने लेखनिकी चुका दुरुस्त होतात. हे सारे दरवाजे उघडे आहेत, पण आत पाऊल आपणच टाकावे लागते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. साताचा भाग हक्काचा, बाराचा भाग पिकाचा. बाराच्या भागात तर आता आपल्याच हातात लेखणी आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या फोनवर गट निवडावा, पीक आणि क्षेत्र भरावे, शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे. फोन तेथली जागा उपग्रहांवरून टिपतो. आकाशातले प्रत्येक उपग्रह आपले घड्याळ सांगत असतो. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून त्याचे अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा निघते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा तीनशे मीटरने चुकेल. इतके सूक्ष्म यंत्र आपल्या खिशात आहे, आणि रोवणीच्या धांदलीत पाहणी करायची राहून जाते! मग धान विकायला निघालो की कळते, उताऱ्यावर पेराच नाही. ज्याच्याजवळ फोन नाही किंवा ज्याला तो चालवता येत नाही, त्याच्या बांधीवर शेजारच्या शिकलेल्या पोराने जाऊन एवढे काम करून द्यावे. पूर्वी आपण एकमेकांच्या रोवणीला जात होतो. आता एकमेकांच्या पाहणीला जावे.

आणि साताच्या भागासाठी? तेथे मला २०१७ सालची एक गोष्ट आठवते. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना चुका झाल्या होत्या, म्हणून त्या वर्षी राज्यात चावडीवाचनाची मोहीम निघाली. गावकऱ्यांना जमवून संगणकातला सातबारा मोठ्याने वाचावयाचा, आणि ज्याला चूक दिसेल त्याने तेथल्या तेथे सांगावयाचे. यंत्राच्या ठशापूर्वी गावाचा कान! गट कोणाचा, धुरा कोणता, बोडी कोणाच्या बांधीला पाणी देते, म्हाताऱ्याला मुली किती, हे कोणत्याही मूळसंख्येला ठाऊक नाही. ते शेजाऱ्याला ठाऊक आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. या उन्हाळ्यात, रोवणीची गडबड सुरू होण्याआधी, प्रत्येकाने आपला सातबारा काढावा आणि घरच्या सर्वांना बसवून मोठ्याने वाचावा. सासरी गेलेल्या लेकींनाही त्या बैठकीस बोलवावे. नावे, क्षेत्र, बोजा, इतर हक्क, पीक, ओळ न ओळ वाचावी. चूक असेल तर अर्ज करावा, आणि त्याची पोच घ्यावी.

त्या म्हाताऱ्याला मी म्हणेन, "बाबाजी, सही खरोखरच आत आहे, आणि ती फार पक्की आहे. तिच्यावर विश्वास ठेवा. पण ती कशावर झाली आहे, तेवढे आधी वाचून घ्या." मर्यादा राखणे हे मोर्तबाचे काम. मर्यादेच्या आत जे लिहिले ते खरे ठेवणे, हे मात्र आपले काम.